जाडा आला, मधून

२१ ऑगस्ट, गुरुवार
बातमी पक्की. शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा मुख्य कोच मीच. प्रिन्सिपल मिसेस ट्विचेल यांनी सकाळी फोन करून सांगितलं. दुपारी धान्याच्या कोठारावरचे लोकही तेच बोलत होते, म्हणजे आता बदल नाही.
कोच स्ट्राउड जूनमध्ये गेले. एकोणीस वर्षं मी त्यांचा असिस्टंट. शेवटचा भेटलो तोही मीच. माझा हात धरून म्हणाले, "ड्वेन, तेच तेच..." आणि नर्स आत आली. वाक्य अर्धं राहिलं, पण अर्थ पुरा पोचला. तेच तेच चालू ठेव.
संकल्प: काहीही बदलायचं नाही.

२५ ऑगस्ट
योजना तयार. बॉल घेऊन पळायला दोन स्पेशालिस्ट. ओटो हृस्का: दाराएवढा, मान नाही. एखादाच यार्ड हवा असेल तेव्हा ओटो आत, सरळ मधून घुसायचं. नेस्टर किरोज: लहानखुरा, हाताला डिंक लावल्यासारखा बॉल झेलतो. तो आत आला की पास. एकाला एकच काम. चुकायला जागाच नाही.
पाव्लिक (माझा असिस्टंट. तरुण. शंकेखोर.) म्हणाला, मग कोण आत आलाय ते बघूनच समोरच्यांना सगळं कळेल. मी म्हटलं, समोरच्यांना त्यांची कामं असतात.

२७ ऑगस्ट
शेतकऱ्यांच्या सोसायटीने शाळेला नवे हेडसेट भेट दिले. खोक्यातच ठेवले. मी कोचचा जुना वापरणार. कानाच्या गादीला अजून त्यांच्या पेपरमिंटचा वास आहे. त्याचा जोडीदार पाव्लिकला दिला. तो प्रेक्षकांच्या वर, लाकडी केबिनमध्ये बसून मला खेळ सांगतो. खरखर फार आहे म्हणाला. कोचनाही असायची.

३० ऑगस्ट, शनिवार
काल पहिली मॅच. हरलो, पण ते गौण.
दुसऱ्या क्वार्टरला ओटोला आत पाठवला. कोणती चाल खेळायची, तो कॉल अजून दिलाही नव्हता. तोच खरखरीतून एक म्हातारा आवाज, अगदी शांत: "जाडा आला. मधून."
अंगावर काटा आला. मी मनात तेच ठरवलं होतं. पाव्लिकला विचारलं, तू बोललास का? नाही म्हणाला. त्याच्या शेजारच्या केबिनमध्ये फक्त पाहुण्या टीमची माणसं, आणि मध्ये फळी.
कोचच ते. दुसरं कोण असणार?
ओटो मधून गेला. चौघांनी आडवा केला. ते आधीपासूनच तिथे उभे होते. नशीब एकेकाचं.

६ सप्टेंबर
हरलो. आवाज पुन्हा आला. "छोटा आला, पास." प्रत्येक कॉल माझ्या आधी, प्रत्येक बरोबर. म्हणजे कोच एकेका कॉलला मंजुरी देताहेत. आवाज जरा घोगरा वाटला. तिकडे गारठा असेल.

१३ सप्टेंबर
हरलो. काल कोच हसले. "परत जाडा," म्हणाले आणि हसतच राहिले. एकोणीस वर्षांत कधी हसले नव्हते. आनंद झाला. झोप मात्र लागली नाही. उशीवर कान टेकला की खरखर ऐकू येते.

२० सप्टेंबर
हरलो. या वेळी आवाज बाईचा. कोचच्या आई असाव्यात. फार कडक होत्या म्हणतात.

२२ सप्टेंबर
ओटो खांदा चोळत आला. म्हणाला, "कोच, समोरचा तो मोठा मला 'हाय ओटो' म्हणाला. वर म्हणाला, ये, वाटच बघतोय." मी पाठ थोपटली. पोराचं नाव जिल्हाभर झालंय.
मग म्हणाला, एकदा मी आत असताना बॉल नेस्टरला देऊन बघा ना. सगळे माझ्यावरच पडतील. बघू म्हटलं. बघणार नाही.

२८ सप्टेंबर, रविवार
हेडसेट घेऊन कबरीवर गेलो. कानाला लावला. विचारलं, कोच, एकही मॅच का जिंकत नाही आपण? खूप वेळ थांबलो. पलीकडच्या शेतात वाळलेल्या मक्याची सळसळ. बाकी काही नाही.
बहुतेक फक्त शुक्रवारी बोलतात.

१४ ऑक्टोबर
शाळेत गावजेवण, खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल. माझी बायको आर्डिथ सर्वांसमोर म्हणाली की प्रेक्षकांत आमची अख्खी रांग ड्वेनचे कॉल आधीच कोरसमध्ये म्हणते, पाद्रीसुद्धा. लोक हसले. मीही हसलो. गावाला माझा खेळ समजू लागलाय.
जाताना मिसेस ट्विचेलनी बाजूला घेतलं. ऑल्डनविरुद्धची शेवटची मॅच तरी जिंका, नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी शाळेच्या बोर्डापुढे मला तुमची बाजू घेता येणार नाही. घ्यावी लागणारच नाही म्हटलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सगळं लिहून ठेवतो.
काल ऑल्डनविरुद्ध चार पॉइंटने मागे. शेवटचा प्रयत्न, गोलची रेषा एकाच यार्डावर. ओटोला आत पाठवला. वरून पाव्लिक गयावया करत होता: "कोच, बॉल नेस्टरला द्या. फक्त एकदा. पाया पडतो." खरं सांगतो, हो म्हणायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तो आवाज. "जाडा आला. मधून. सगळे मध्ये या."
सगळे मध्ये. हुकूमच तो. मी ओटोचाच कॉल दिला.
ढीग उपसून पंचांनी बॉल रेषेच्या अलीकडे ठेवला. कानात आवाज आला, "शाब्बास, पोरांनो." माझे डोळे भरून आले. कोचनी कधी कोणाला शाब्बास म्हटलं नव्हतं. समोर ऑल्डनची पोरं उड्या मारत होती.
मग हात मिळवायला रांग लागली. शेवटी ऑल्डनचा एक म्हातारा वरच्या केबिनमधून जिना उतरून आला. शर्टावर केचप. म्हणाला, "जाडा चांगला आहे हो तुमचा. वाईट वाटून घेऊ नका."
तोच आवाज. हात सोडवेना. तो बिचारा हसून उभा राहिला.
पाव्लिकने माझ्या डोक्यावरून हेडसेट हळूच काढला, कानाला लावला आणि थोड्या वेळाने म्हणाला, "कोच, हा हेडसेट शेजारची केबिन पकडतो. दर मॅचला समोरच्या टीमचं बोलणं तुम्हाला येत होतं. सीझनभर."

२६ ऑक्टोबर, रविवार
म्हणजे कोच एकदाही आले नाहीत.
सकाळी हेडसेट लावून रिकाम्या मैदानात उभा राहिलो. फक्त खरखर. गादीला आता माझ्याच घामाचा वास येतो.
जेवताना आर्डिथला कोचचे शेवटचे शब्द सांगितले. आजवर कोणाला सांगितले नव्हते. ती भांडी घासता घासता म्हणाली, "तेच तेच करू नकोस, असं म्हणायचं असेल त्यांना." इतक्या पटकन म्हणाली की मला राग आला.
उद्या संध्याकाळी बोर्ड. माझं भाषणही तिने न बघताच म्हणून दाखवलं: आधी कोचचं नाव, मग एकोणीस वर्षं, मग अजून एक सीझन द्या. मी म्हटलं, साफ चूक, पूर्ण वेगळं बोलणार आहे. तिने पुढचं ताट घासायला घेतलं.
बराच विचार केला. बोर्डही आता काहीतरी वेगळं ऐकायच्या तयारीत बसलेलं असणार.
सुरुवात कोचच्या नावाने करीन. त्यांच्या ध्यानीमनी नसेल.