न्हाणीवरची तूर

आई, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी त्या पानांवरून तुझ्याशी नीट भांडायचं माझं राहूनच गेलं आहे. आजही प्रयोगशाळेत कुणी धुतलेली, चकचकीत पानं तपासायला आणून दिली की मला तू आठवतेस आणि डोकं फिरतं. मग त्या बिचाऱ्याला मी जरा जास्तच झापते. त्यातलं निम्मं तुझ्या वाटचं असतं, हे त्याला कुठे ठाऊक.

कापसाने सगळ्या जिल्ह्याला तोंडघशी पाडलं होतं तेव्हाची गोष्ट. गावात गाड्या भरून माणसं यायची आणि कापसाचं विचारून जायची. कापसाच्या ओळींमधल्या तुरीचं कुणी विचारलं नाही, आणि आपली घरची डाळ तर तिच्यावरच होती. तूर उभी होती, हिरवीगार, झुडपासारखी माजलेली, पण फुलाचा पत्ता नाही. बी बोरी अरब गावच्या मामाने आणून दिलेलं, म्हणून बाबांनी सगळा राग त्याच्यावर काढला. "तुह्या भावानं खराब बी देल्लं. आता त्याच्या दारात जाशीन तर पाह्य," असं ते जेवता जेवता म्हणाले आणि तुझं माहेर तुटलं. भाऊबीजेला तू ताट लावलंस, निरांजनात वात घातलीस, आणि थोड्या वेळाने सगळं तसंच उचलून ठेवलंस. मी सुट्टीवर आले होते, चुलीपाशी बसून बघत होते. मला बाबांचा संताप आला, आणि तू गप्प राहिलीस म्हणून तुझाही.

नुकतीच मी विषाणूंच्या कामाला लागले होते. पान वाटायचं, त्यातला विषाणूचा अंश वेगळा काढायचा, मशीन त्याच्या जनुकांची अक्षरं ओळीने वाचतं, आणि ती ओळ आधी ओळखलेल्या विषाणूंशी ताडून बघायची. तुला फोनवर सांगितलं, हा रोग आहे, बियातून येत नाही, तू मला रोगट पानं पाठव, मी मामाला सोडवते. पाकीट आलं. उघडलं तर एकेक पान धुतलेलं, पदराने पुसलेलं, कागदाच्या घडीत इस्त्री केल्यासारखं ठेवलेलं. मशीनला त्यात तुरीशिवाय काही सापडलं नाही. मी बाबांना तसं कळवलं, तर ते म्हणाले, "पाह्य, रोगच नाही. म्हंजे बीच खराब." मी चिडून तुला विचारलं, पानं कुठली तोडलीस? तू शांतपणे म्हणालीस, "चांगल्या झाडाची पाठवली. खराब कशी पाठवू बाई? तुह्ये साहेब काय म्हणतीन, यायच्या वावरात असंच पिकते?" फोन ठेवून मी कपाळाला हात लावला. पाहुण्याला फुटका कप द्यायचा नाही, हा तुझा नेम. त्या नेमापायी तू सख्ख्या भावाला गुन्हेगार ठरवून ठेवलंस.

शेवटी मीच आले. वावरातली बारीक, फिक्या चट्ट्यांची पानं खुडली आणि पाय धुवायला मागे गेले, तर न्हाणीच्या पाण्यावर तुझी लाडकी तूर. दर वर्षी छाटायची, पुन्हा फुटू द्यायची, आणि तिच्या एका फांदीला येणाऱ्या शेंगांचे दाणे आमटीत टाकायचे. तिच्याही पानांवर तेच चट्टे. दोन्ही पानं नेली, आणि मशीनने दोन्हींत एकच विषाणू वाचला, जवळजवळ अक्षर न् अक्षर सारखा. उन्हाळ्यात सगळी वावरं रिकामी, तेव्हा तो तुझ्या न्हाणीवर मजेत राहत होता. डोळ्यांना न दिसणारे कोळी-किडे त्याला वाऱ्यावर घेऊन नव्या तुरीवर नेत होते.

अजून मला दिसतं: तू मागच्या दारात भाजी निवडते आहेस आणि मी हे तुला सांगते आहे. बाबांना नुसतं रोगाचं सांगू, झाड गुपचूप उपटू, असंही मी सुचवते. तू मान वर करून म्हणतेस, "अर्धं कायले सांगू?" उठतेस, झाड हलवून हलवून मुळासकट काढतेस, आणि ओसरीवर चहा पिणाऱ्या बाबांपुढे आडवं टाकतेस. "बी चांगलंच होतं. रोग माह्या झाडात होता. आता मले बोरीले नेऊन द्या." बाबा उरलेला चहा संपवून म्हणतात, "सकायची एस्टी हाय." मी एवढी शिकलेली, आणि खरं सांगायला कचरले ती मी. याचाही राग येतो, आणि तो कुणावर काढावा कळत नाही.

त्या झाडाच्या चांगल्या फांदीचे दाणे तू डब्यात ठेवले होतेस. त्यांतून उगवलेली तूर आता माझ्या गॅलरीत कुंडीत आहे. बियातून हा रोग जात नाही, हे मीच सगळ्यांना शिकवते. तरी दर वर्षी तिचं एक पान मशीनला लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. तुला हे पोचणार नाही म्हणून सांगते: पान तोडताना माझा हात सगळ्यांत चांगल्या पानाकडेच जातो, आणि मी ते ओढणीला पुसून घेते.