मागच्या वाळूवरची गर्दी

लेपानीमे,
ऑगस्टचा शेवटचा मंगळवार

तीर्थरूप सालमेताईस,

धाकट्या काल्योचा टोपी काढून नमस्कार. (टोपी खरंच काढली आहे. ओली झाली म्हणून चुलीशेजारी वाळत घातली आहे. कशानं ओली झाली ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? तार्तूची हवा त्यांना मानवणार नाही हे मी तुला चव्वेचाळीस वर्षं सांगतो आहे. भावोजींचा रक्तदाब, मांजराचा डोळा आणि तुमच्या खालच्या मजल्यावरचा तो तुतारी वाजवणारा, सगळे आपापल्या जागी असावेत अशी आशा करतो. इकडे मी ठणठणीत आहे. सर्दी झाली आहे, पाठ धरली आहे आणि उजव्या पायाचा अंगठा काळानिळा पडला आहे, पण एरवी ठणठणीत. फोन का केला नाही म्हणशील, तर आपले फोन कसे होतात ते तुला ठाऊकच आहे. "जिवंत?" "जिवंत." "बरं." की ठेवला. या प्रकरणाला तेवढे शब्द पुरायचे नाहीत.

प्रकरण एवढंच, की मी मागच्या वाळूवर, आपल्या त्या जुन्या किनाऱ्यावर, जाऊन आलो. त्यात काय विशेष, लहानपणी आपण रोज जायचो, असं तू म्हणशील. पण तेव्हा आपल्याला कुणी माणसांत धरत नव्हतं, कुंपणाखालून सरपटत गेलो तरी चालायचं. आता मी अडुसष्ट वर्षांचा प्रतिष्ठित इसम आहे, आणि मागच्या वाळूची वाट अजूनही शेवटच्या घराच्या अंगणातूनच जाते. शेवटच्या घरात वाइके राहते. (तीच, मासेमारी संघात जाळी दुरुस्त करायची ती. तिची थोरली बहीण तुझ्या वर्गात होती. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. हे सगळं केवळ माहितीसाठी.) तर ही वाइके पंधरा सप्टेंबरच्या बोटीनं हेलसिंकीला चालली आहे, मुलीकडे. मेरिकेनं म्हणे तिच्यासाठी खोली तयार ठेवली आहे. वाइके म्हणते, हिवाळ्यापुरतीच. पण 'हिवाळ्यापुरती' गेलेली माणसं या गावानं बरीच पाहिली आहेत ताई. त्यांच्या घरांना आता तालिनच्या लोकांनी पांढरे पडदे लावले आहेत आणि ते जुलैत दोन आठवडे येऊन समुद्र शांत आहे म्हणून कौतुक करतात. वाइकेनं जाऊ नये असं मला वाटतं. लिहून टाकलं एकदाचं. मी तिला एवढंच सांगणार होतो, "वाइके, जाऊ नकोस." एवढं बोलायला किती वेळ लागतो? मला आजपर्यंत अकरा दिवस लागले आहेत आणि काम अजून चालू आहे.

पहिल्या दिवशी मी रीतसर निघालो. दाढी केली, सकाळीच धुरी देऊन काढलेले चार चपटे मासे कागदात गुंडाळले आणि तिच्या अंगणाशी पोचलो. बघतो तर दाराला झाडू टेकवलेला. (तार्तूत तुम्ही दाराला तीन-तीन कुलपं लावता, म्हणून आठवण करून देतो. आपल्याकडे झाडू दाराला टेकवला की घरात कुणी नाही, पाऊल टाकायचं नाही. गावात कुलूप एकच, माझा दोस्त एन्देल, त्याच्या बोटीला, आणि त्याचीही किल्ली हरवली आहे.) झाडू ओलांडून परक्या बाईच्या अंगणातून चालत जायचं नाही, असे आपल्यावर आईचे संस्कार आहेत. मी कुंपणाबाहेरच्या ओंडक्यावर बसून वाट पाहिली. वाट पाहता पाहता एक मासा खाल्ला. मग दुसरा. चौथ्या माशानंतर थांबण्यात अर्थ उरला नाही. दुसऱ्या दिवशीही झाडू, तिसऱ्या दिवशीही झाडू. मग कळलं, की ही बाई रोज सकाळी मागच्या वाळूवर पोहायला जाते. जायच्या आधी शेवटचं पाणी अंगाला लावून घेत असावी, असा मी तर्क केला आणि मला उगीचच वाईट वाटलं.

चौथ्या दिवशी मी जंगलातून फेरा घेतला. सात किलोमीटर. दलदलीत एक बूट अर्धा तास अडकला, एका सापानं माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं आणि डासांनी माझी जितकी चौकशी केली तितकी तू पत्रातही कधी केली नसशील. अखेर पाइन वृक्षांतून बाहेर आलो तर समोर दोन किलोमीटर वाळू, आणि तिच्या पार त्या टोकाला मोठ्या धोंड्यापाशी एक निळा रुमाल. वाइके! म्हणजे किनारा भरलेला. आता भरलेल्या किनाऱ्यावर आपण घुसायचं म्हणजे काय? तिनं एकटीनं पोहायचं म्हणून एवढ्या लांब यायचं आणि कुणीतरी अंगावर येऊन उभं राहायचं? मी पावलांचा आवाज न करता आल्या वाटेनं परत गेलो. पाचव्या दिवशी मी आलो तेव्हा तिनं मला लांबून पाहिलं असावं. तिनं कपडे गोळा केले आणि वाळूच्या टेकाडांमागे दिसेनाशी झाली, मला किनारा मोकळा करून देऊन. एवढी समजूतदार बाई! मी बूट घालूनच पाण्याकाठी दहा मिनिटं उभा राहिलो, न वापरलं तर तिला वाईट वाटेल म्हणून, आणि परतलो. पुढचे पाच दिवस हेच. दोन किलोमीटर वाळू, दोन माणसं, आणि दोघंही एकमेकांना जागा करून देत घरी. एन्देल दुकानापाशी सगळ्यांसमोर म्हणाला, "काय रे काल्या, तुम्ही दोघं त्या किनाऱ्यावर पहारा देताय की काय? एक चढतो, एक उतरतो. समुद्रापलीकडचे फिन लोक उतरणार आहेत का तिथं?" आणि मग एकट्यात म्हणाला, "अरे शहाण्या, बोटीनं जा. समुद्राकडून आलेल्या माणसाला कुठं परत जाता येतं?"

एन्देलचा सल्ला मी आयुष्यात तीनदा ऐकला आहे. पहिल्यांदा दात गेला, दुसऱ्यांदा मोटरसायकल गेली. कालची तिसरी वेळ. बाबांची जुनी बोट काढली, सहा मासे घेतले आणि टोकाला वळसा घालून निघालो. या पाण्यातला प्रत्येक धोंडा मला नावानिशी ठाऊक आहे. पण माझं लक्ष निळ्या रुमालाकडे होतं, आणि किनारा दोनशे पावलांवर असताना बोट अशी काही धोंड्यावर चढली, की मला वाटलं आता तिथंच घर बांधावं लागणार. ज्या समुद्रांना भरती येते तिथल्या लोकांचा मला हेवा वाटतो ताई. धोंड्यावर बसले तरी सहा तासांनी आपोआप सुटतात. आपल्याकडे वारा फिरेपर्यंत बसायचं, आणि वाऱ्याला काही घाई नव्हती. पाणी मांडीइतकंच. उतरून ढकलावं म्हणून मी विजार काढली, नीट घडी करून ठेवली आणि पाण्यात उडी मारली ती थेट दुसऱ्या धोंड्यावर. (अंगठा.) टोपी गेली, ती पकडायला वळलो तर एका समुद्रपक्ष्यानं दोन मासे उचलले. अशा रीतीनं गावातला प्रतिष्ठित इसम आईनं विणलेल्या लोकरीच्या आतल्या चड्डीत, मांडीभर पाण्यात, बोटीला मिठी मारून उभा राहिला.

वाइकेनं हे सगळं पाहिलं. आणि तिचा सभ्यपणा बघ, तिनं ताबडतोब माझ्याकडे पाठ केली आणि जंगलाकडे तोंड करून बसली, मला लाज वाटू नये म्हणून. तिची अशी अडचण होऊ नये म्हणून मीही हाक मारली नाही. अर्धा तास गेला असेल. मग पाठ न वळवताच ती ओरडली, "काल्यो! तू बुडतोयस, की नुसताच उभा आहेस?"

"नुसताच उभा आहे."

"बरं." थोड्या वेळानं पुन्हा, "ढकलायला हवंय का कुणी?"

"घाई नाही," मी म्हटलं.

शेवटी ती कुणालाही न विचारता स्कर्ट खोचून पाण्यात आली आणि एका धक्क्यात बोट सोडवली. जाळी ओढलेले हात आहेत ते, पाहण्यासारखे आहेत. मग वाळूवर आम्ही बसलो. मधे तीन माणसं मावतील एवढं अंतर ठेवून, अर्थातच. उरलेले मासे माझे, काळा पाव तिचा. ऊन होतं. आइनो गेली आणि मी विधुर झालो, तेव्हापासून एवढा चांगला दिवस मी पाहिलेला नाही, हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. सांगायची वेळ आली होती, तोंडही उघडलं होतं, आणि मी म्हणालो, "वारा पश्चिमेचा आहे." ती म्हणाली, "हो. उद्याही राहील." मग पुष्कळ वेळानं तीच म्हणाली, "हेलसिंकीत म्हणे पोहायला बंद तलाव असतात. पाणी गरम करून ठेवतात." तिथं ताई, एवढी वाट करून दिली असताना, हा तुझा भाऊ काय म्हणाला असेल? "चांगलं आहे," म्हणाला. चांगलं आहे! मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. ती उठली, स्कर्टची वाळू झटकली आणि गेली.

असो. किनारा मात्र छान आहे, पूर्वीसारखाच. बाकी सर्व क्षेम. भावोजींना नमस्कार, मांजराला काय ते.

तुझा मितभाषी धाकटा भाऊ,
काल्यो

ता.क. यंदा लाल बोरं भरपूर आली आहेत. दोन बरण्या पाठवीन.

ता.क. दुसरा. तू वाइकेला एक पत्र लिहावंस. अगदी सहज, तिच्या बहिणीची चौकशी वगैरे करून. त्यात ओघानं असं येऊ दे, की काल्यो बोलत नाही पण माणूस वाईट नाही, त्याची चूल दोन खोल्या ऊबदार ठेवते, आणि ती गेली तर तो त्या किनाऱ्यावर पुन्हा जाणार नाही, तो कितीही मोकळा असला तरी. मी सांगितलं असं लिहू नकोस. पंधरा तारखेच्या आत पोचेल असं बघ.

ता.क. तिसरा. उद्या वाइके दात दाखवायला राकवेरेला जाते आहे. गावाचं सगळं टपाल तीच नेते, तेव्हा हे पत्र तिच्याच हाती देतो. लवकर मिळेल.

ता.क. चौथा, दुसऱ्या अक्षरात.

सालमेताई, मी वाइके. दुसऱ्याचं पत्र मी सहासष्ट वर्षांत कधी वाचलेलं नाही. पण पाकीट चिकटवलेलंच नव्हतं आणि दवाखान्यात दीड तास बसायचं होतं. (तो म्हणेल, विसरलो. पन्नास वर्षं बोटींना गाठी मारणारा माणूस!) काही दुरुस्त्या करते. परवा मी पाठ फिरवली ती सभ्यपणानं नाही, हसू आवरेना म्हणून. आणि किनारा मी कधीच मोकळा करून देत नव्हते. टेकाडामागे बसून राहायचे, हा आता येईल, हाक मारील म्हणून. तो पाण्याकाठी बूट घालून उभा राहायचा आणि मला डास खायचे. मासे मात्र चांगले होते, मीठ जरा जास्त.

मला पत्र लिहू नका, त्याला लिहा, तोंड उघड म्हणावं. दवाखान्यातूनच मी मेरिकेला फोन केला, की त्या खोलीत तू तुझं शिलाई मशीन ठेव, मी येत नाही. अर्धं तोंड बधिर होतं, तिला तीनदा सांगावं लागलं. हे काल्योला कळवू नका, तुम्हाला तुमच्या गुडघ्यांची शपथ. पंधरा तारखेपर्यंत त्याला जरा घाबरू द्या. मी कुठंही जात नाही. पण विचारायचं त्यानंच, तोंडानं, माझ्याकडे बघून, आणि विजार घालून.