वातातलं बोलणं

९ मे १९६१, अकोला

खाट रिकामी राहतच नाही! सकाळी मोर्शीकडचा म्हातारा घरी गेला, दुपारी त्याच्या जागी अकोटच्या पलीकडचा शालिकराम. विषमज्वर, अंगात फणफण ताप. सोबत बायको, दुर्गाबाई. आल्या आल्या तिनं माझा हात धरला. "बाई, वाचीन ना हा?" ठरलेलं बोलले — औषधं चांगली निघालीत आता.

१० मे

तापात वात होऊन भान गेलेला रोगी ओळखायला अक्कल लागत नाही, असं सगळेच समजतात. ओरडतो, उठून पळतो, चादर फाडतो — बांधा त्याला! कोपऱ्यातल्या पैलवानाला तसंच बांधलंय. शालिकराम मात्र गप्प. छताकडे बघत बोटांनी चादरीवरून काहीतरी वेचत राहतो, बोंडातून कापूस वेचावा तसं. सकाळी डॉक्टरांनी नाव विचारलं, गाव विचारलं. बरोबर सांगितलं. "शुद्धीवर आहे," म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी पाणी द्यायला वाकले तर माझ्या खांद्याच्या मागे बघून अगदी हळू म्हणाला, "सुभद्रे, तू वर कशी आली?"

मी मागे वळून पाहिलं. कोणी नव्हतं. पण मी वळले! इतकी वर्षं झाली नोकरीला आणि वळले.

११ मे

सकाळी शहाणा. नमस्कार केला, "आज बरं वाटून राह्यलं" म्हणाला. ऊन चढलं, वाळ्याचे पडदे कोरडे पडले, की गेला कुठल्या कुठे. मग मीच सुभद्रा.

"ओली काहून नाही तू?"

पदर चाचपून पाहतो. कोरडा लागला की घाबरतो. ओल्याला भ्याला असता तर समजलं असतं. कोरड्याला काय भ्यायचं?

१२ मे

बरोबरच्या नर्सला, ललिताला सांगितलं. हसली. "असेल कोणी जुनी. तापात सगळ्यांच्याच निघतात." तिच्या पाळीत तो तिला सिस्टरच म्हणतो. मीच का?

दुर्गाबाई नळावर डबा घासत होती. सहज विचारलं, सुभद्रा कोण हो? "आमच्या घरी नाही कोनी सुभद्रा." डबा स्वच्छ झाला होता. तरी घासत राहिली.

१३ मे

औषध घेत नाही, पाणी घेत नाही. दातखीळ बसल्यासारखं तोंड. ओठ फाटलेत. मेट्रनबाईंचं म्हणणं, वातातल्या माणसाशी खोटं बोलायचं नाही — हा दवाखाना आहे, मी नर्स आहे, आज शनिवार आहे, हे शांतपणे सांगत राहायचं. सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. तो मुकाट रडायला लागला.

शेवटी म्हणाले, "हो, मी सुभद्रा. घ्या पाणी."

"आंधी तू पी."

एक घोट घेतला. तो माझ्या गळ्याकडे एकटक बघत होता — पाणी खाली उतरतं का, ते! मग सगळा पेला प्याला. गोळ्याही घेतल्या.

रोगी वाचवायचा की खरं बोलायचं? मेट्रनबाईंना नाही सांगितलं.

१४ मे

डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, सकाळी बघू नका त्याला, दुपारी या. आले बिचारे, रविवार असून. स्टूल ओढून बराच वेळ बसले. त्यांनाही दिसलं. "शांत वात आहे हा. बरं झालं सांगितलंत." उगाच कशाला लपवू — आनंद झाला मला!

विचारलं, तो बोलतो ते कागदावर घ्यायचं का? "वातात माणूस काय वाटेल ते बोलतो. ताप लिहा, नाडी लिहा."

ताप लिहिला. नाडी लिहिली.

१५ मे

आज हात मागितला. दिला. "किती थंडा आहे तुहा हात," म्हणाला. अकोल्याचा मे महिना! खोलीवर येऊन गालाला लावून पाहिला.

१८ मे

ताप उतरला! सकाळी शुद्धीवर, दुपारीही शुद्धीवर. पेज मागून घेतली. दुर्गाबाई बाहेर गेलेली पाहून विचारलं, "बाई, मी काही बोललो काय तापात?"

"तापात सगळेच बोलतात."

"कोनाचं नाव घेतलं?"

"मला नाही आठवत."

माझा चेहरा, हात, पदर, सगळं नीट निरखून पाहिलं त्यानं. मग मान हलवली. "नाही. तुमी नव्हत्या त्या."

२२ मे

शालिकराम घरी गेला, स्वतःच्या पायांनी. दुर्गाबाईनं पिशवीतल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्या, नको नको म्हणताना. ललिता म्हणाली, "जिंकलीस!" खरंच. या उन्हाळ्यात असे किती परत जातात?

तरी त्या खाटेची चादर मी नाही बदलली. आयाला सांगितलं.

२६ मे

दुर्गाबाई आली होती. एकटी.

नवरा त्या दिवशी घरी पोचलाच नाही. अकोटला मोटारीतून उतरला, "तू हो पुढं" म्हणाला आणि सरळ ठाण्यात गेला. सुभद्रा त्याच्या धाकट्या भावाची बायको. पळून गेली, असंच सारं गाव समजत होतं. भाऊ बिचारा पार खंडव्यापर्यंत शोधून आला होता. काल पोलिसांनी शेतातली विहीर उपसली.

दुर्गाबाई रडली नाही. भिंतीला टेकली. "ती दवाखान्यात आली होती म्हने, बाई. त्याच्यापाशी बसली, अन् माफ केलं म्हने त्याले. तुमी तं तेथीच होत्या. आयकलं काय तुमी?"

माफीचा शब्द मी काढला नव्हता. एकदाही नाही.

"हो," म्हणाले. "ऐकलं."