गुरुवारी गॅरेजमध्ये बसा

अहो,

आज आधी आपली नात नेत्रा आली, मागून नोटरीबाई. मी खुशीत शिरा केला होता. उद्या माझं डोकं चालेनासं झालं तर घराच्या सह्या नेत्रानं करायच्या, नाहीतर सगळं कोर्टात जातं, म्हणून ती पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी. बाई नेमकी तुमच्या खुर्चीत टेकायला गेली. मी ओरडले, "अगं, तिथं हे बसलेत!" बाईनं विचारलं, कोण? नेत्रा बोलून गेली, "ग्रँडपा. ही इज डेड."

बाईनं शिक्का पर्समध्येच टाकला. डोकं ठिकाणावर असेल त्याचीच सही चालते म्हणे! नेत्रा रडवेली झाली.

घर गेलं तर तुम्ही कुठं बसणार? म्हणून गुरुवारी तेवढं गॅरेजमध्ये बसा, खोकू नका. शिरा तिकडे आणून देईन. बाई त्या दिवशी पुन्हा येऊन माझं डोकं तपासते म्हणालीय.

तुमचीच,
कुमुद