हेल्गाच्या नावाने

हॅनोव्हर, ऑक्टोबर २००३

प्रिय शुभाताई,

पाच जाकिटांची खरी किंमत किती झाली, ते आज बसल्या बसल्या काढलं. शिंप्याने घेतले ते मार्क सोडून दे, ते कधीच फिटले. पण ते उभे करायला एक पियानो गेला, रोल्फच्या आईचा. पियानोपाठोपाठ आईचं त्याच्याशी बोलणं गेलं, मग नोकरी गेली, मग अब्रू, आणि शेवटी ज्यांच्या अंगावर ती जाकिटं होती ती पाच पोरंही गेली. जाकिटं घेऊनच गेली. एवढं देऊन त्याच्या पदरात काय पडलं, तर मी. तोट्याचाच सौदा, पण त्याने कधी बोलून दाखवलं नाही. रोल्फ हे नाव आपल्या पत्रांत आजवर आलं नव्हतं. आज येणार, आणि पुन्हा पुन्हा येणार.

पत्र कुरिअरने, तेही तुझ्या मैत्रिणीच्या, प्रभाच्या पत्त्यावर पाठवलंय म्हणून घाबरून जाऊ नकोस. तुमच्याकडे फोन भाऊजी उचलतात, आणि इथल्या थंडीपासून तिथल्या बटाट्याच्या भावापर्यंत सगळं झाल्याशिवाय तुझ्या हाती देत नाहीत. माझी तब्येत ठणठणीत आहे. प्रदर्शनांचा मोसम चालू आहे, आणि इथल्या अर्ध्या हॉलांमधला आवाज अजून माझ्याच स्पीकरांतून निघतो. मिरजेत सतारींची जवारी घासणाऱ्या पोराने एवढं केलं, हे काही कमी नाही. बंद हॉलच्या बाहेर उभा राहून मी अजून सांगतो, कुठल्या कोपऱ्यातला स्पीकर फाटलाय. कामावरची मुलं पैज लावतात आणि हरतात. मध्ये कितीही भिंती घाल, ताई, मला ऐकू येतं.

या कानांनीच मला रोल्फपर्यंत नेलं. त्रेसष्ट साल असेल. मी दिवसा रेडिओच्या कारखान्यात उमेदवारी करायचो आणि संध्याकाळी थंडी चुकवायला एका तळघरातल्या क्लबात जाऊन बसायचो. तिथे पाच पोरं गिटारी बडवायची. एकदा जिन्यावरूनच मला कळलं की एकाची तार उतरलीय. खाली गेलो, न विचारता गिटार काढून घेतली आणि लावून दिली. कोपऱ्यात एक नीटनेटका माणूस उभा होता. मोठ्या दुकानाच्या काचेच्या खिडक्या सजवणं ही त्याची नोकरी, आणि या पोरांचा मॅनेजर होणं हा त्याचा नवा नाद. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू ऐकायचं, मी बघायचं. या गाढवांना दोन्ही येत नाही." आमची वाटणी त्या संध्याकाळी झाली, ती आजतागायत तशीच आहे.

त्याचं बघणं काय होतं, ते तुला सांगायलाच हवं. पोरं मळक्या चामडी कोटांत यायची, स्टेजवर बिअर प्यायची, लोकांकडे पाठ करून उभी राहायची. रोल्फ त्यांना म्हणाला, "तुम्ही वाजवता ते आंधळ्यांना आवडेल. पण मुली आंधळ्या नसतात." त्याने पियानो विकला, बिनकॉलरची राखाडी जाकिटं शिवून घेतली, केस कपाळावर आणवले, गाणं संपलं की पाचांनी एकदम वाकायचं हे आरशासमोर घोटून घेतलं. ढोलवाल्याला दात घासायला लावले. पोरं कुरकुरली, "आम्ही काय वेटर आहोत?" आणि महिन्याभरात त्या तळघराबाहेर मुलींची रांग लागली. मुलींना काय दिसेल ते त्याला आधी दिसायचं, कारण पोरांकडे तो त्याच जागेवरून बघायचा. पुढे या धंद्यात वावरलो तेव्हा कळलं की तो एकटा नव्हता. तिकडे इंग्लंडातही त्या काळी बँड घडवणारे कितीतरी मॅनेजर असेच होते. ज्याला जन्मभर स्वतःचा चेहरा सांभाळावा लागतो, त्याला दुसऱ्याचा चेहरा मांडता येतो. लाखो मुली ज्यांच्यासाठी किंचाळल्या, ती पोरं आधी अशा एखाद्या गप्प माणसाने पाहिलेली होती. टाळ्यांत त्याचं नाव कुठेच नसायचं.

तू दर पत्रात विचारतेस, हेल्गा कशी आहे. हेल्गा बरी नाही. गणपतीच्या दिवसांत झटका आला, उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजतं सगळं. मी आरतीची कॅसेट लावली तर डाव्या हाताने ताल धरते, तोही चुकीचा, नेहमीसारखा. आता हृदयही दमलंय म्हणतात.

बघ, अजून सवयीने "धरते" लिहून गेलो. धरतो. ताई, हेल्गा हे नाव तूच ठेवलंस. सहासष्ट साली अप्पांनी सांगलीची मुलगी जवळजवळ नक्की केली होती. त्याआधी मी तुझ्या हॉस्टेलवर एक पत्र टाकलं होतं, नाव सोडून सगळं उघड लिहिलं होतं, आणि उत्तराची वाट बघत आठवडाभर जेवलो नव्हतो. तुझं उत्तर एका ओळीचं: "जेवायला कोण घालतं, तोच ना? मग त्याला सांभाळ." आणि सुट्टीत घरी गेल्यावर तू पानावरच जाहीर केलंस, "अप्पा, मुलगी बघू नका. त्याने तिकडे हेल्गा नावाच्या बाईशी लग्न करून टाकलंय." अप्पा ताटावरून उठले. आई मात्र संध्याकाळी तुला हळूच म्हणाली, "उंचीने केवढी आहे विचार, इरकल पाठवते." मग दर दिवाळीला हेल्गासाठी इरकल आलं. रोल्फने एकही कापलं नाही. डांबराच्या गोळ्या घालून ठेवलीत. हिवाळ्यात खांद्यावर घ्यायचा आणि म्हणायचा, सासूबाईंचं माप चुकलं, मी जास्त उंच आहे.

अप्पा माझी पत्रं मोठ्याने वाचून दाखवायचे, म्हणून आपण सगळं हेल्गाच्या नावाने लिहिलं. सदुसष्टात "हेल्गाला छातीचं दुखणं, चार महिने सॅनेटोरियमला" असं लिहिलं होतं ना मी? तो तुरुंग होता. कुणीतरी कागाळी केली, पोलिसांनी घर उलटंपालटं केलं आणि त्याची पत्त्यांची वही नेली. इथल्या कायद्याचं एकशे पंचाहत्तरावं कलम. पुरुषाने पुरुषावर जीव लावला, एवढाच गुन्हा. पोरांनी तो आत असतानाच हँबुर्गच्या दुसऱ्या मॅनेजरशी करार केला. गेल्या वर्षी इथल्या संसदेने हिटलरच्या काळातल्या या शिक्षा रद्द केल्या. नंतरच्या काळातल्या, रोल्फसारख्यांच्या, तशाच ठेवल्या. बातमी ऐकून त्याने रेडिओ बंद केला आणि कांदा चिरायला घेतला. दोन वर्षांपूर्वी आमच्यासारख्या दोघांना जोडीदार म्हणून रीतसर नोंदणी करायची सोय झाली, तेव्हाही मी मागे लागलो होतो. म्हणाला, "यादीत नाव? एकदा होतं माझं यादीत. पुरे." त्याने माझ्या नावाने एक अधिकारपत्रसुद्धा कधी केलं नाही. कागद म्हटला की त्याला पोलीसच दिसतात.

आता ऐक. त्याचा पुतण्या युर्गेन नेकारसुल्मला मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. वाईट माणूस नाही. काकांचं सगळं नीट व्हावं म्हणतो, पण त्याच्या नीटमध्ये मी नाही. त्याने वॉर्डात सांगितलंय, फक्त नातेवाईकांना सोडा. चार दिवस झाले, मला आत सोडत नाहीत. येत्या गुरुवारी तो रोल्फला नेकारसुल्मजवळच्या वृद्धाश्रमात हलवणार आहे. मला आत सोडलं त्या शेवटच्या दिवशी मी रोल्फला विचारलं, आता तरी नोंदणी करू या का? त्याने माझा अंगठा धरला आणि सोडला नाही. नोंदणी कचेरीतल्या बाई डॉक्टरांच्या दाखल्यावर खाटेपाशी यायला तयार आहेत. फक्त माझे कागद पुरे हवेत.

आणि तिथे मी हुशारी केली. माझा जन्म मिरजेच्या घरातला, संस्थानी काळातला. जन्मदाखला कुठून आणू? म्हणून अप्पांच्या वारसनोंदीसाठी तू तहसीलदारापुढे केलेलं प्रतिज्ञापत्र दिलं, आईवडिलांची नावं शिक्क्यानिशी आहेत म्हणून. खालची ओळ मी वाचली नाही. भाषांतरकाराने इमानाने वाचली: मुलगा आत्माराम, विवाहित, पत्नी हेल्गा, राहणार जर्मनी. बाईंनी चष्मा वर केला. "आल्झो, म्हणजे तुम्ही तर विवाहित आहात." मी म्हटलं, अशी कुणी बाईच नाही. "मग तुमच्या बहिणीने शपथेवर खोटं लिहिलं?" तुझ्याविरुद्ध मी काय बोलू?

म्हणून हे पत्र. मला तुझं नवं प्रतिज्ञापत्र हवंय, ताई, की आत्मारामचं लग्न कधी झालंच नाही, हेल्गा नावाची बाई नव्हती आणि आधीचं लिहिणं चुकीचं होतं. आधी फॅक्सने पाठव, मूळ प्रत कुरिअरने. वकील विचारतील. भाऊजी त्याहून जास्त विचारतील. चारचौघांत "आमच्या जर्मन वहिनी" म्हणून ते किती मिरवतात, मला माहीत आहे. लेकीला, अपूर्वाला, काय सांगशील, मला सुचत नाही. तू मला वाचवायला जी बाई जन्माला घातलीस, तिला आता तुलाच पुसावं लागणार. दुसऱ्या कुणाच्या शब्दाला इथे किंमत नाही. नाही जमलं तर मी तुला दोष देणार नाही, पण गुरुवारनंतर तो कुठल्या खोलीत आहे हेही मला कुणी सांगणार नाही. आज दुपारभर वॉर्डाच्या बाहेर उभा होतो. ऐकायचं काम माझं, म्हणून दाराला कान लावला. दार काचेचं आहे, दुहेरी. काही ऐकू आलं नाही.

तुझाच,
आत्मा