हौदाच्या कोपऱ्याचा दगड

परसातल्या दगडी हौदाला खरा खर्च आला तो असा: घडीव दगड शहाण्णव, सिमेंटच्या गोण्या अकरा, दिवस सतरा, माझ्या डाव्या अंगठ्याचं नख एक, आणि धाकट्या मुलीचं तीन वर्षांचं बोलणं. शेवटची बाब कोणत्याही बिलात नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.

मी, वय एकाहत्तर, धंदा दगडकामाचा ठेका, उद्या सकाळी हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल होणार आहे. डोकं ठिकाणावर आहे, हात थरथरत नाही आणि पाठीमागे उभं राहून कोणी सांगत नाही. सगळी मिळकत माझ्या कष्टाची आहे. वडिलांकडून मला त्यांच्या चपला तेवढ्या मिळाल्या, त्यातली एक घट्ट होत होती.

कलम एक. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक पत्नीची. तिच्या हयातीत घर विकायचं नाव कोणी काढू नये. तिच्यानंतर दोन्ही मुलांना निम्मं निम्मं.

कलम दोन. दगडाची वखार आणि ट्रक थोरल्या मुलाला. तो व्यवहाराला पक्का आहे. मात्र परवा तो फोनवर कोणाला तरी सांगत होता की बाबांनंतर हौद बुजवून तिथे गाडी लावू. मी दोन खोल्या सोडून बसलो होतो. थोरला फोनवर असा बोलतो की फोनची गरजच नसावी, ते सोडा. पण माझे कानही अजून तयार आहेत. एक ठोका मारला की दगडाच्या आतली भेग मला कळते. कारागीर मला ‘ठोक्या’ म्हणतात ते उगाच नाही. हौदाच्या जागी गाडी लावायची नाही.

कलम तीन. जुन्या भागीदाराकडे माझी लांब शिडी नऊ वर्षं आहे. ती मागायला जाऊ नये. तिची चौथी पायरी कुजलेली आहे हे मी त्याला मुद्दाम सांगितलेलं नाही. माझ्या पश्चात सांगावं.

कलम चार. ओळंबा, सगळ्या छिन्न्या आणि ठोक्याची हातोडी धाकट्या मुलीला. ती हे काम माझ्याच हाताखाली शिकली. हौद मी पत्नीसाठी बांधला. तिचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून तळं जमिनीत न खणता भिंत घालून वर उचललं; खुर्चीत बसल्या बसल्या तिला पाण्यात हात घालता यावा. पत्नी दवाखान्यातून घरी यायच्या आत हौद उभा करायचा होता, दगडांचा ट्रक रिकामा होऊन परत गेला होता. पोरीने तळाच्या थरातल्या कोपऱ्याच्या दगडावर हातोडी वाजवली आणि म्हणाली, “बाबा, हा बद्द वाजतोय. इथे नको.”

मीही ठोकून पाहिला. मला ठीक वाटला. सहा कारागीर बघत होते. “मला शिकवतेस? आधी हाताला घट्टे पडू देत,” असं मी म्हणालो. सगळे हसले. तिने हातोडी त्याच दगडावर ठेवली आणि गेली. आता ती स्वतःची कामं घेते. तिच्या भिंती मी रस्त्यावरून पाहून आलो आहे. सरळ असतात.

कलम पाच. हौदाचा तो कोपरा महिनाभर पाझरतो आहे. मी गेल्यावर लगेच पाणी काढावं, कोपरा उतरवावा, तळाचा दगड बदलावा. तोवर त्या बाजूला कोणी, विशेषतः पत्नीने, बसू नये.

इथवर लिहून मी खिडकीतून पाहिलं. पत्नी त्याच कोपऱ्याला खुर्ची लावून, भिंतीला पाय टेकवून बसली होती. हा कागद उघडणार माझ्यानंतर. काल भेगेत नख शिरत होतं, आज सकाळी पेन्सिल शिरली. सहा हजार लिटर पाणी माझ्या मरणासाठी का थांबेल? पेन ठेवलं आणि मुलीला फोन लावला.

“कोपरा सुटतोय. तुझी आई तिथेच बसली आहे.”

“आधी आईला उठवा. मी निघालेच.”

पत्नी उठेना. तीन वर्षं बसते आहे, आजच काय झालं, म्हणे. मी उद्याच्या ऑपरेशनला घाबरून काहीबाही बोलतो आहे असं तिला वाटलं. शेवटी सांगावंच लागलं. “तो दगड बद्द होता. पोरगी बरोबर होती.”

“हे मला काय सांगता? तिला सांगा,” असं म्हणून ती उठली. खुर्ची मी ओढून घेतली.

पुढचं दोन तासांनी लिहितो आहे. मुलीने नळवाल्याला सोबत आणलं. हौदातले पत्नीचे मासे टबात काढले, पाइप सोडला. पाणी वीतभर उतरलं तोच कोपरा बसला आणि वरचे चार दगड खुर्चीच्या जागी येऊन पडले. तळाचा दगड मधोमध दुभंगला होता. मी मुलीला सांगायचं ते सांगितलं. ती म्हणाली, “बाबा, पाइप धरा.” मी धरला. मग तिने उरलेले दगड वाजवून दोन बाजूला काढले. मला दोन्ही खणखणीत वाटले होते. मी पाइप धरूनच उभा होतो.

म्हणून कलम पाच रद्द. हौद धाकटीने पुन्हा बांधावा. वखारीतला कोणताही दगड तिने वाजवून नाकारला तर थोरल्याने वाद घालू नये. उद्या वाचलो तर मीही घालणार नाही. हातोडी आजच तिच्या हातात दिली आहे, ती कलम चारमधून वगळावी.

सगळं वाचून, शब्द न शब्द माझाच आहे असं म्हणून सही करतो.
(सही)

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही:
साक्षीदार, समोरचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार, नळवाला (सही, कागदावरचा ओला डाग माझ्या हाताचा)

ठिकाण: घरचं जेवणाचं टेबल. नऊ तारीख, शनिवार, संध्याकाळी साडेसहा.

सोबत जोडलेला डॉक्टरांचा दाखला: सदर गृहस्थांना आज तपासले. स्मरणशक्ती व निर्णयशक्ती उत्तम. उजव्या कानाने ऐकू येत नाही; प्रश्न डाव्या बाजूने, मोठ्याने विचारावे लागले. सहा वर्षांपूर्वी श्रवणयंत्र लिहून दिले होते. त्यांनी घेतलेले नाही.