पेन्सिली संपल्या

प्रिय मावशी,

आधी घोटभर पाणी पी, मग वाच. समाजकार्याच्या एमएचा फॉर्म मी भरणार नाहीये. तीस वर्षं तू वस्तीत दारोदार फिरलीस, आता भाचीनं तुझी पिशवी खांद्याला लावावी असं तुला वाटतं, ठाऊक आहे मला. आज सकाळपर्यंत माझंही तळ्यात-मळ्यात होतं.

मी मदतनीस आहे ना, त्या शाळेतल्या समुपदेशनाच्या खोलीत एक मुलगी येते. तीन महिने रोज मधल्या सुट्टीत यायची, एक शब्द बोलायची नाही, नुसती पेन्सिलींना टोकं करत बसायची. मीही गप्प. आज तिनं शेवटची पेन्सिल नखाएवढी केली आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं, "ताई, पेन्सिली संपल्या. उद्या आणशील?"

"आणते की!" म्हटलं, आणि तिथल्या तिथे माझं ठरलं. शालेय समुपदेशनच शिकायचं. मावशी, मला एका जागी बसून वाट बघता येते गं! मला!

हे पत्र मात्र टाकत नाही. तूच म्हणतेस, अवघड गोष्ट कागदावर कळवू नये, दार वाजवून सांगावी. रविवारी तुझंच दार वाजवते.

तुझी,
भिंगरी